रुसलेल्या झाडांचा वैद्य

जूनअखेरीस व्हर्ना किन्समन काकूंच्या बागेत अर्धं अनापोलिस खोरं, आमचा सगळा सफरचंदांचा मुलूख, लोटलं होतं. पिकअप गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. चर्चमधल्या बायकांनी चहा आणि ओटकेक मांडले होते. गेल्या वर्षी ज्या सफरचंदाच्या झाडांवर एकही फळ आलं नव्हतं, त्यांच्या फांद्या सुपारीएवढ्या हिरव्या फळांनी वाकल्या होत्या. एकेका घोसात चार-चार, पाच-पाच. लोक टोप्या काढून बघत होते, जणू प्रार्थनेलाच उभे होते.

या चमत्काराचे धनी मेरिट स्प्राउल. हे गृहस्थ पूर्वी अंघोळीचे टब विकत. हल्ली झाडं जागी करतात. हत्यार म्हणाल तर एक नादकाटा, वाद्याचा सूर लावताना वापरतात तो. एप्रिलमध्ये त्यांनी तो गुडघ्यावर आपटून एकेका खोडाला टेकवला, डोळे मिटले आणि जाहीर केलं की झाड रुसलंय. थोड्या वेळाने म्हणाले, रुसवा गेला. झाड कशावरून रुसलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. झाडाचा खासगी मामला असावा.

आज ते शपथ घ्यायला लावणार होते. जागं झालेल्या झाडाचं एकही कोवळं फळ तोडायचं नाही, तोडलं तर ते पुन्हा रुसणार.

शपथेचं ऐकलं आणि मला काकूंची काळजी वाटू लागली. त्यांची झाडं हनीक्रिस्पची, आणि सफरचंदातली ही हावरट जात. मोकळं सोडलं तर एका वर्षी फांद्या मोडेपर्यंत लागते आणि पुढच्या वर्षी रिकामी राहते. पुढच्या वर्षीची फुलं याच उन्हाळ्यात फांदीवरच्या डोळ्यांमध्ये, म्हणजे मिटलेल्या कोंबांमध्ये, तयार होतात आणि झाडावर फळांची गर्दी असली की फळांतल्या बिया ही फुलं तयार होऊ देत नाहीत. म्हणून जूनमध्ये घोसात एकच फळ ठेवून बाकीची खुडायची असतात. पण आमची माणसं गवतात पडलेलं सफरचंदही सायडरसाठी उचलून नेणारी. धडधाकट फळ खुडून टाकायला त्यांचा हात धजत नाही. काकूंचाही दोन वर्षांपूर्वी धजला नव्हता. आता पॅकिंगवाल्यांनी निरोप धाडला होता की आणखी एक हंगाम रिकामा गेला, तर काकूंचा माल घेणं कायमचं बंद.

ओडेट राफ्यूज बाई बागाईतदारांना बागेतच शिकवतात आणि मी त्यांची मदतनीस. बाईंकडे फळा नाही, भाषणं नाहीत. फेब्रुवारीत बर्फात उभं करून त्यांनी काकूंच्या हाती कात्री दिली होती आणि त्यांचीच झाडं त्यांच्याकडून छाटून घेतली होती. छाटलेल्या चार फांद्या घरी नेऊन पाण्यात ठेवायच्या, कोणता डोळा फुलाचा आणि कोणता पानाचा ते आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढाच गृहपाठ.

स्प्राउल हात उंचावून म्हणाले, "ताई, म्हणा माझ्यामागून. मी फळाला नख लावणार नाही."

काकूंनी हात वर केला. तेवढ्यात बाईंनी मागून अगदी सहज विचारलं, "व्हर्ना, फेब्रुवारीतल्या त्या फांद्यांचं काय झालं गं?"

"बरणीत ठेवल्या होत्या की, स्वयंपाकघराच्या खिडकीत. मार्चमध्ये काय फुलल्या होत्या म्हणून सांगू..." काकू थांबल्या. वर केलेला हात हळूहळू खाली आला. "मेरिट, तुम्ही तर एप्रिलमध्ये आलात."

स्प्राउल गोड आवाजात म्हणाले, "कंपनं काळात मागेही जातात, ताई."

"मग माझ्या बागेत गेल्या वर्षी गारपीट झाली, तीही परत पाठवा," काकूंचा दीर एल्डन म्हणाला. चहा ओतणाऱ्या बायकासुद्धा हसल्या.

एल्डनची झाडं दरवर्षी बेताची, पण नेमाने लागतात, कारण तो बाईंकडे शिकला आणि मन घट्ट करून फळं खुडतो. स्प्राउल त्याच्या बागेकडे कधी फिरकलेच नाहीत. ज्याची बाग गेल्या वर्षी रिकामी गेली, त्याचंच दार ते ठोठावत. अशी झाडं यंदा आपणहून लगडणारच होती. फुलं तर आदल्या उन्हाळ्यातच घडून डोळ्यांत बसली होती. काटा टेकवून श्रेय घ्यायचं आणि वर न खुडण्याची शपथ घालून पुढचं वर्ष रिकामं करून ठेवायचं, की रुसवा काढायला पुन्हा यांनाच बोलावणं. रोगही तेच देत होते आणि उताराही त्यांच्याचकडे होता. टब विकण्यापेक्षा धंदा बरा.

काकू झाडाजवळ गेल्या. एक घोस हातात धरून त्यांनी बाईंना विचारलं, "मधलं ठेवायचं ना?"

"मधलं. किंवा सगळ्यात मोठं असेल ते."

पहिलं फळ खुडताना त्यांनी तोंड असं केलं, की जणू स्वतःचा दात उपटतायत. दुसऱ्याला तेवढं नाही. मग एल्डन पुढे झाला, मग शेजारच्या बायका, आणि गवतात टपटप फळं पडू लागली. त्या आवाजात स्प्राउलांची गाडी कधी निघून गेली ते कुणाला कळलंही नाही.

झाड रुसत नाही, झोपतही नाही. त्याला काय झालंय ते जाणून घ्यायचं तर एक फांदी छाटा, पाण्यात ठेवा आणि वाट बघा. आणि फळाला हात लावू नका असं कुणी बजावलं, तर आधी त्याला विचारा, हात लावला तर नुकसान कुणाचं?