रिकाम्या पानबट्याचं आवतण

मी पानबटा बोलतोय. आज माझ्यावर खायचं काहीच ठेवलेलं नाही, म्हणून बोलायला सुचतंय. भरल्या तोंडानं कोणाला धड बोलता येतं?

तुमच्याकडे विड्याचं तबक असतं, तसाच मी. फक्त मला खाली एक पाय आहे. त्यामुळे मी जमिनीपासून वीतभर उंच असतो, आणि तेवढी उंची डोक्यात हवा जायला पुरते. मी अस्सल काशाचा. सार्थेबारीच्या एका कासाराने तांबं आणि कथील वितळवून, ठोकून ठोकून मला घडवलं. शेवटी त्याने टिचकी मारली, कान लावून ऐकलं, "हा नातवंडांच्या लग्नापर्यंत वाजेल," म्हणाला आणि पहिलं तामोल माझ्यावर ठेवून तेच उचलून स्वतःच्या तोंडात टाकलं. तामोल म्हणजे ओली सुपारी. पान आणि चुन्याबरोबर आमच्या आसामात ती पाळण्यापासून सरणापर्यंत चालते. मला तो मोठा शुभशकुन वाटला होता.

तरुलता लग्न होऊन खुटाबारी गावात आली तेव्हा तिच्या आंदणात मी होतो. या गावात माझ्यावाचून काही हलत नाही. आवतण द्यायचं तर घरोघर जाऊन गुडघे टेकायचे आणि मला पुढे सरकवायचं. समोरच्याने तामोल उचललं की तो येणार. चूक झाली तर नामघरात, म्हणजे गावाच्या प्रार्थनाघरात, सगळ्यांसमोर गुडघे टेकून मलाच पुढे ठेवायचं. तामोल उचललं की माफी मिळाली. नाकारलं तर पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर. रिकामा पानबटा मात्र कोणापुढे ठेवायचा नसतो. तो अपशकुन, आणि त्याहून मोठा अपमान.

तरुलता मला चिंचेने घासायची. घासला की माझा तळ आरशासारखा व्हायचा आणि ती इकडेतिकडे बघून त्यात आपले दात बघायची. लाल दात, लाल जीभ, आणि हे एवढं उघडलेलं तोंड! एकदा तिने त्यात अख्खी कैरीची फोड आडवी घालून सासूला हसवलं होतं. ते तोंड मला अजून आठवतं, आणि आठवलं की माझं कासं गार पडतं.

तिच्या नवऱ्याला तोंडाच्या कॅन्सरने नेलं. तो तामोलाबरोबर तंबाखू खायचा. "तंबाखूने नेला," एवढं एकच वाक्य तरुलता वर्षभर बोलत होती. मग एक दिवस ती उठली आणि गुवाहाटीच्या एका संस्थेत स्वयंसेविका झाली. तिला एक बॅटरी मिळाली, एक निळी पिशवी मिळाली आणि एक परीक्षा शिकवली गेली. आपलीच तीन बोटं जुळवून उभी धरायची आणि तोंडात घालून बघायची. तिन्ही सहज गेली तर ठीक. अडली, तर लगेच डॉक्टर गाठायचा.

बाई कामाला वाघीण. शाळेच्या फाटकाशी तंबाखूच्या पुड्या विकणारं एक दुकान होतं. तिने दारोदार फिरून सह्या जमवल्या, न लिहिता येणाऱ्यांचे अंगठे घेतले, तो कागद घेऊन सरकारी कचेरीत पाच फेऱ्या मारल्या आणि पुड्या उठवल्याच. मला तिचा कोण अभिमान वाटला! पण त्या सह्या मागायला जाताना तिच्या हातात कोण होतं? मीच होतो, तामोलाने शिगोशीग भरलेला. सही करणारा प्रत्येक जण आधी माझ्यावर हात मारत होता.

मग तोंडाच्या तपासणीचं शिबिर ठरलं. "सगळ्या गावाला बोलावून आणा," असं संस्थेने सांगितलं. कागदी पत्रकावर कोण येतंय? तरुलताने रीतीप्रमाणे माझ्यावर तामोल-पान रचलं, वर गामोसा, म्हणजे आमचा लाल काठाचा मानाचा पंचा, झाकला आणि घरोघर गुडघे टेकले.

नामघरात खोल, म्हणजे आमचा मृदंग, वाजवणारा भोगेश्वर तिच्या शेजारचा. तरुलताला तो बाइदेउ, म्हणजे ताई, म्हणायचा. तो मला बघून खदाखदा हसला.

"तोंड उघडायला बोलावतेस, बाइदेउ? मग आधी तोंडात घालायला तरी दे!"

"घ्या की! पण यायचं बरं का. नाहीतर माखनीला सांगून कान धरून आणवीन."

"ती तशीही रोजच धरते," आतून त्याची बायको माखनी ऐकत होती, म्हणून तो हे जरा मोठ्यानेच बोलला. त्याने दोन तुकडे उचलले. घरोघर तेच झालं. प्रत्येक घरी तरुलतालाही एक तुकडा घ्यावा लागला, कारण पाहुणीने नाही म्हणणं हा घराचा अपमान. संध्याकाळपर्यंत तिचा डावा गाल सुजल्यासारखा झाला होता. तिला वाटलं, चुना जास्त झाला.

शिबिराच्या दिवशी तिने मला दारातच टेबलावर ठेवलं. गुवाहाटीहून आलेली डॉक्टर निबेदिता, आमच्यातलीच पोर, मला बघून थबकली.

"हा इथे कोणी ठेवला?"

"मी," तरुलता ताठ मानेने म्हणाली. "माणसं घरी आली, मान नको का द्यायला?"

"बाइदेउ, तुम्ही दारात लोकांच्या हातावर निखारे ठेवताय आणि आत मी मलम लावत बसलेय."

"अहो, यात तंबाखूचा कण नाही! नुसतं तामोल आहे. देवाला चालतं."

"देवाला कॅन्सर होत नाही. नुसत्या सुपारीनेही माणसाला होतो. तोंड आतून आवळत जातं, बाइदेउ. हळूहळू. कळतसुद्धा नाही."

तरुलताने मला उचलून आत नेलं. तिचे कान लाल झाले होते. "शहरात शिकली म्हणून काय, आजीच्या मांडीवर हिनेही खाल्लंच असेल," ती पुटपुटली आणि रागाच्या भरात एक तुकडा तोंडात टाकला. मी ते पाहिलं. मी काय करणार होतो? मला हात नाहीत, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही डॉक्टरणीचाच राग आला होता.

त्या दिवशी भोगेश्वरच्या तोंडात दोनच बोटं गेली, आणि गालाच्या आत एक न भरणारी जखम सापडली. तरुलता त्याला घेऊन गुवाहाटीला गेली. रांगेत उभी राहिली, अर्ज भरले, त्याचा डबा धुतला, माखनीला धीर दिला. परकं कोणी म्हणू नये इतकं केलं. पण उशीर झाला होता. माघ महिन्यात नामघरातला खोल मुका झाला.

भोगेश्वरच्या श्राद्धाला गावाने मलाच मागून नेलं. त्याच्या नावाने हळहळत प्रत्येकाने माझ्यावरचं तामोल उचललं. शेवटी पांढऱ्या वस्त्रातल्या माखनीने मला तरुलतापुढे धरलं. तरुलताचा हात क्षणभर अडखळला. पण नवरा गेलेल्या बाईच्या हातचं नाही कसं म्हणायचं? तिने ते तोंडात घातलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. लोक म्हणाले, किती जीव लावला होता बिचारीने. गाल आतून पेटला होता, हे एकट्या मला ठाऊक होतं.

कारण मी तिला रोज बघत होतो. आता ती मला घासून तळात बघायची, तेव्हा जेमतेम पुढचे दात दिसायचे. जेवणात मिरची बंद झाली, मग भात कुस्करून खाणं सुरू झालं. गावभर "तीन बोटं घाला" म्हणत फिरणारी ही बाई "उद्या बघू" म्हणत स्वतःची बोटं तोंडाजवळ नेत नव्हती. तिला काय कळत नव्हतं? कळत होतं, म्हणूनच नेत नव्हती.

एकदा मी तिच्या ओल्या हातातून निसटलो. अंगणभर खणखणलो. जितकं ओरडता येतं तितकं ओरडलो. "भांडं पडलं, म्हणजे कोणीतरी पाहुणा येणार," ती हसून म्हणाली. ते हसूही अर्धंच उघडलं. पाहुणा कधीचा येऊन गालात बसला होता.

शेवटी सुनेने, जोनमणीने, ताट बाजूला सारलं.

"मा, सगळ्या गावाची तोंडं बघता. तुमचं कोणी बघितलंय?"

"मला काय धाड भरलीये? मी कुठे तंबाखू खाते?"

"मी तंबाखूचं विचारलंच नाही. बोटं घाला."

"जोन, सासूला हुकूम सोडतेस?"

"हो. घाला."

तरुलताने तीन बोटं जुळवली. दोन केली. मग एकच. ते आत गेलं. जोनमणीने निळ्या पिशवीतली बॅटरी काढली, आत बघितलं, बॅटरी विझवली आणि डॉक्टर निबेदिताला फोन लावला.

गुवाहाटीला गालाच्या आतला तुकडा काढून तपासला. कॅन्सरच निघाला. डॉक्टर निबेदिताने बोल लावला नाही, आणि त्यानेच तरुलता जास्त खचली. ऑपरेशन सोमवारचं ठरलं. पुढे बोलता येईल की नाही, हे कोणी सांगेना.

त्याआधीच्या शुक्रवारी, दिवसाउजेडी, तरुलताने मला चिंचेने लख्ख घासलं, वर गामोसा झाकला आणि नामघरात सगळ्या गावापुढे गुडघे टेकले. जोनमणी शेजारी बसली. तरुलता जुळलेल्या दातांआडून बोलायची आणि जोनमणी तेच मोठ्याने सांगायची.

गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या दंडेश्वरखुरांनी, म्हणजे दंडेश्वरकाकांनी, गामोसा उचलला. मी रिकामा होतो. माझं पितळ उघडं पडावं तसा मी, अस्सल काशाचा असूनही, शरमलो.

"हा काय चावटपणा!" खुरा गरजले. "नामघरात रिकामा बटा? गाव मेलं की काय?"

"मेलं नाही, खुरा," जोनमणी म्हणाली. "मा म्हणतात, मरू नये म्हणून रिकामा आणलाय. तपासणीचं आवतण मी तामोलावर दिलं. डॉक्टरणीने सांगितलं, तरी ऐकलं नाही. भोगेश्वरला माझ्याच हातचं शेवटचं आवतण गेलं. आज मी गावाची माफी मागते. आणि रविवारी पुन्हा सगळ्यांना बोलावते. या वेळी बट्यावर काही नाही. येणार असाल, माफ करणार असाल, तर नुसता हात लावा."

कोणी हललं नाही. मागून एक जण कुजबुजला, "आता काय हवा खायची?" पण कोणी हसलं नाही. मला माझ्या जन्मात इतकं जड कधी वाटलं नव्हतं.

मग बायकांच्या रांगेतून माखनी उठली. ती चालत माझ्याजवळ आली. माफी द्यायची तर तिनेच, नाकारायची तरी तिनेच, हे सगळ्या गावाला कळत होतं. तिने तीन बोटं माझ्या रिकाम्या तळावर टेकवली आणि ती कपाळाला लावली.

"मीही त्याला रोज कातरून देत होते, तरु," ती म्हणाली. "तू एकटीच कशी?"

तरुलताने डोळे मिटले. माखनीने बोटं कपाळावरून खाली घेतली आणि तशीच उभी धरून तोंडात घातली. मी खालून बघत होतो. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं.

दंडेश्वरखुरा उठले आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "रविवारी किती वाजता?"

आता मी जोनमणीच्या टेबलावर असतो. माझ्यावर बॅटरी असते, कापूस असतो, ज्यांना गुवाहाटीला न्यायचंय त्यांच्या चिठ्ठ्या असतात. माखनीची चिठ्ठी सगळ्यांत वर आहे. पैजेवर सांगतो, अजूनही कोणाकोणाचा हात सवयीने माझ्याकडे येतो आणि दचकून मागे जातो. तरुलता अजून गुवाहाटीतच आहे. जोनमणी रोज फोन करते, गावातली कोण कोण आली ते एकेक नाव घेऊन सांगते. तिकडून शब्द येत नाहीत. प्रत्येक नावाला नुसतं "हूं" येतं.

मी फक्त खुटाबारीतली तोंडं पाहिली आहेत. तुमचं मला इथून दिसत नाही. तुमच्या तबकात काय असतं, तेही मला माहीत नाही. पण हे आवतण मी रिकाम्या हाताने देतोय, ते मोडू नका. तीन बोटं जुळवा, उभी धरा, आणि बघा. उद्या नको, तरुलताही उद्याच म्हणत होती.