मार्चपर्यंतचा गुरुनाथ

क्वार्टरबॅक बदलून टीम सुधारत नाही, हे मी गेली अकरा वर्षं घसा फोडून सांगतोय. ऐकणारा एकच होता, गुरुनाथ, आणि त्यालाही ते कधी पटलं नाही.

आम्ही दोघं सहा वर्षं ओहायोत एकाच कंपनीत होतो. तिथं अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं, आणि तेही डेटन स्टॅग्जसारख्या रडक्या टीमचं. पुढे नोकरीसाठी दोघंही अमेरिका सोडून या फेल्डहोवन गावी आलो. इथं सगळं गाव पायाने खेळायच्या फुटबॉलवर जीव टाकतं, आणि आम्ही दोघं दर रविवारी संध्याकाळी सातला माझ्या हॉलमध्ये बसून, चेंडू काखेत मारून पळणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडायचो. माझी बायको चार वर्षांपूर्वी मला आणि या देशाला कंटाळून पुण्याला परत गेली. त्यानंतर रविवार सोडला तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मार्चमध्ये मॅच नसते, पण वाद असतो. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट होतो, म्हणजे कॉलेजातून आलेल्या नव्या खेळाडूंची वाटणी. सगळ्यात खाली आलेल्या टीमला सगळ्यात आधी निवडायला मिळतं, आणि सगळ्यात खाली आम्हीच होतो. गुरुनाथचं म्हणणं, प्रिचर्ड नावाचा क्वार्टरबॅक उचला. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून सगळा खेळ चालतो तो. माझं म्हणणं, त्याच्या पुढे उभे राहून मार खाणारे धटिंगण आधी आणा, नाहीतर तुमचा राजपुत्र महिन्याभरात हाडं मोडून घेईल. कोच डोनेलीला हाकला, यावर मात्र आमचं एकमत होतं.

"एप्रिलमध्ये बघशील तू," मार्चमधल्या एका रविवारी बूट घालता घालता गुरुनाथ म्हणाला. "येतो."

"ये," मी म्हणालो.

त्यानंतरच्या बुधवारी सकाळी कामावर जाताना, गारा पडत असताना, सायकलच्या रस्त्यावर त्याचं हृदय बंद पडलं. एक्कावन्न वर्षांचा होता.

एप्रिलमध्ये स्टॅग्जने प्रिचर्डलाच उचललं. मी मोबाइल घेऊन गुरुनाथला मेसेज लिहायला बसलो, अर्धा लिहूनही झाला, आणि मग मला रडू आवरेना.

सप्टेंबरच्या पहिल्या मॅचच्या दिवशी, पावणेसातला, बाहेर लख्ख उजेड असताना, सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला. बेल वाजली. दारात गुरुनाथ उभा होता. अंगात त्याचं थंडीतलं निळं जाकीट, आणि खांद्यांवर गारा. बाहेर लोक अर्ध्या चड्डीत फिरत होते आणि त्याच्या खांद्यांवरच्या गारा विरघळत नव्हत्या.

"डोनेलीला हाकललं की नाही?" बूट काढत त्याने विचारलं.

मी घाबरलो. खोटं कशाला सांगू. पण तोंडातून गेलं, "नाही, अजून आहे." त्यावर तो काहीतरी बोलला, त्यावर मी, आणि पाच मिनिटांत आम्ही नेहमीसारखे भांडत होतो. माणूस वाद घालायला लागला की भीती मागे पडते.

मॅच सुरू झाली. प्रिचर्ड तिसऱ्याच डावाला आडवा झाला.

"या मॅकॉलमचा गुडघा गेलाय," गुरुनाथ म्हणाला. मॅकॉलम हा आमचा जुना क्वार्टरबॅक. "एप्रिलमध्ये प्रिचर्डला उचला, एवढंच सांगतो मी."

"अरे, समोर बघ ना. तोच प्रिचर्ड आहे!"

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाकडे पाहावं तसं. "मॅकॉलम आहे तो, सतीश."

मग माझ्या लक्षात आलं. त्याला मार्चपर्यंतचं सगळं ठाऊक होतं आणि मार्चनंतरचं काहीच नव्हतं. मी पुढे ठेवलेला चहा तसाच राहिला, वर साय धरली. दहा वाजता तो उठला, "येतो" म्हणाला, मी "ये" म्हणालो, आणि तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही.

कुणाला सांगणार? हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलो असतो तर त्याने ऐकून घेतलं असतं आणि पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं असतं. आपल्यालाच भास होतोय का हे तपासायला मी ऑफिसातल्या पुष्करला मॅच बघायला बोलावलं. तो गुरुनाथच्याच टीममध्ये कामाला होता.

"काय पुष्कर, घर मिळालं का?" गुरुनाथने त्याला विचारलं.

पुष्करला घर मिळून तीन महिने झाले होते. त्याच्या हातातली चिवड्याची वाटी कलंडली. "शोधतोय सर," तो कसाबसा म्हणाला. मध्यंतराला तो उठला आणि निघून गेला. सोमवारी कॅन्टीनमध्ये मला टाळून तिसऱ्या टेबलावर बसला. पण दुसरीकडे त्याने तोंड उघडलं असणार, कारण शनिवारी कुमुदिनीवहिनी माझ्या दारात आल्या. गुरुनाथची बायको. बारीक झाल्या होत्या.

"भावजी, ते तुमच्याकडे येतात?"

मी खाली बघितलं. तेवढ्यावरून त्यांना उत्तर मिळालं.

"माझ्याकडे का येत नाहीत, विचारलंत का त्यांना?"

"वहिनी, तो फक्त टीमबद्दल बोलतो."

त्या आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या. मग म्हणाल्या, "मला माहितीये का येत नाहीत ते. त्या बुधवारी सकाळी भांडण झालं आमचं. तुमच्याच रविवारांवरून. मी म्हटलं, बायकोपेक्षा तो क्वार्टरबॅक जवळचा झाला का? चिडून निघाले, आणि दारातून म्हणाले, 'जातो मी.' पंचवीस वर्षांत कधी 'येतो' सोडून दुसरं काही म्हणाले नव्हते. आणि मी काय म्हणावं? 'जा.'"

त्या रडल्या नाहीत. आवाजही चढला नाही.

"इथून 'येतो' म्हणून निघाले, तुम्ही 'ये' म्हणालात. म्हणून इथं येतात. मला एकदा तो शब्द परत घ्यायचाय, भावजी. उद्या मी येते. ते निघताना 'येतो' म्हणतील ना, तेव्हा तुम्ही गप्प राहा. 'या' मी म्हणेन. बाकी काही नको मला."

"हो वहिनी," मी म्हणालो. मनापासून म्हणालो, तेव्हा तरी.

रविवारी त्या साडेसहालाच आल्या. त्याला आवडायची ती मोरपंखी साडी नेसल्या होत्या. पावणेसातला स्टँडचा आवाज झाला तशी त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला.

गुरुनाथ आत आला. त्यांना पाहून दारातच थबकला, थोडा बाजूला झाला आणि मला हळूच म्हणाला, "पाहुण्या आहेत का रे? आधी सांगायचंस ना." मग त्यांच्याकडे वळून नमस्कार केला. "बसा ना, बसा. आमचा आरडाओरडा चालतो हं इथं. राग मानू नका."

पुष्करला नावाने ओळखणारा गुरुनाथ बायकोला ओळखत नव्हता; ज्या घरातून 'जातो' म्हणून निघाला, तिथलं त्याच्यापाशी काही उरलं नव्हतं. वहिनींनीही नमस्कार केला. त्यांचे हात तसेच जोडलेले राहिले.

अशी मॅच मी आयुष्यात पाहिली नाही. स्टॅग्ज हरत होते ते सोडा, हरलं तरी सीझनच्या सतराही मॅच खेळाव्याच लागतात, ही सातवी होती आणि सातव्यांदा हरत होते. चौथ्या, म्हणजे शेवटच्या डावाला फक्त दोन पावलं पुढे जायचं असताना डोनेलीने पुन्हा लाथ मारायला लावून चेंडू समोरच्यांना देऊन टाकला, आणि गुरुनाथ ओरडला, "भित्रा आहे, भित्रा! एकदा तरी हिंमत कर!" मीही ओरडलो. विसरूनच गेलो होतो की खोलीत तिसरं कुणी आहे. वळून पाहिलं तर वहिनी टीव्हीकडे बघतच नव्हत्या. नवऱ्याचं ओरडणारं तोंड त्या डोळे भरून पाहत होत्या.

मला त्यांचा राग आला. होय, आला. पंचवीस वर्षं हा माणूस त्यांच्या घरात होता. मला आठवड्याचे तीन तास मिळायचे, आणि आता तेही त्या घेऊन जाणार होत्या. तो त्यांच्या घरी जाऊन बसणार, मार्चमधल्या बिलांबद्दल आणि भाजीबद्दल बोलणार, आणि मी या खुर्चीत एकटा बसून डोनेलीला शिव्या देणार. कुणाला ऐकवण्यासाठी?

दहा वाजले. गुरुनाथ उठला. जाकिटाची चेन लावली, बूट घातले. खांद्यांवरच्या गारा जशाच्या तशा होत्या.

"प्रिचर्डला उचला, बस," तो म्हणाला. "येतो."

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ उघडले. तो शब्द त्यांच्या जिभेवर आलेला मला दिसला.

"ये," मी म्हणालो.

गुरुनाथने मान हलवली. वहिनींकडे पाहून, पाहुण्यांशी हसावं तसं हसला आणि दार लोटून गेला. बाहेर स्टँड काढल्याचा आवाज झाला, आणि मग तोही थांबला.

वहिनी तशाच उभ्या होत्या. ओठ अजून उघडेच. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सवयीने गेलं का तोंडातून, भावजी?"

"हो वहिनी. माफ करा. सवयीनेच."

ती सवय नव्हती.

त्यांनी मान डोलावली. सोफ्यावर तो बसला होता तिथं हात ठेवून पाहिला. चपला घालून दारापाशी थांबल्या.

"मग पुढच्या रविवारी येऊ का? पुढच्या वेळी नक्की गप्प राहाल?"

त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही. गुरुनाथने त्यांना कधी शिकवलं नव्हतं.

"पुढच्या रविवारपासून मॅच नाहीत, वहिनी," मी म्हणालो. "आपली टीम हरली ना, आपला सीझन संपला."