गिरिजाच्या गळ्यातला चिंचोका

रझाकारांच्या दिवसांतलं काहीतरी सांगा, म्हणत येता तुमी पोरं. तुमाला बंदुका पाहिजेत, जाळपोळ पाहिजे. मग दुसरीकडं जावा. आमच्या गावावर धाड आलीच न्हाय. येणार अशी हूल उठली आन तेवढ्यावर सगळं गाव उठलं.

नळदुर्गापास्नं दोन कोसांवर आमचं गाव. आषाढ होता. तव्यावरची भाकर तव्यावर टाकून मी निघाले. संगं भाऊ सोमलिंग आन त्याची सात वर्षांची गिरिजा. तिची आई बाळंतपणातच गेली. मी नवरा मरून माहेरी बसलेली, म्हणून पोर माझ्याच पदरात पडली. माझ्याच हातनं वाढली. 'आत्या, आत्या' करून दिवसभर डोकं उठवायची. बोरी नदी कमरेएवढ्या पाण्यातनं ओलांडली, सोलापूरच्या हद्दीत गेलो, एका वळखीच्या गोठ्यात तीन महिने काढले. निजामाचं राज्य बुडाल्यावर दसऱ्याला परत आलो, तर दाराचं कुलूप जसंच्या तसं. एक गाडगं फुटलं न्हवतं कुणाचं. फक्त आमची गिरिजा बोलायची बंद झाली होती. नदी ओलांडली त्या दिवसापास्नं एक शब्द न्हाय.

"काय बघितलं असंल गं पोरीनं?" जो तो हेच इचारायचा. कोण म्हणे, तिनं मुडदा बघितला. कोण म्हणे, पाण्यातली हडळ लागली. अहो, मी दिवसभर तिचं मनगट धरून चालत होते. तिनं पाणी बघितलं आन माणसं बघितली, दुसरं काय न्हाय. पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? शेवटी मलाबी वाटाय लागलं, बघितलंच असंल काहीतरी.

मग सुरू झालं. नळदुर्गाच्या हकिमाची काळी बाटली झाली. ती प्याली की पोर दिवसभर झापडीत पडून राहायची. येरमाळ्याच्या येडाईला नवस बोललो, पायी जाऊन आलो. काय उपेग न्हाय. मग सोमलिंगनं डाग देणाऱ्याकडं नेलं. त्यानं इळा लाल केला आन पोटावर बेंबीच्या दोन्ही अंगांला पाच डाग दिले. हात कुणी धरले होते तिचे? म्या. पोर वरडली न्हाय. नुसती माझ्याकडं बघत राहिली. "बघा, किती हट्टी भूत हाय," तो बाबा म्हणाला, आन पुढच्या अमावस्येला परत बोलावलं. आमी परत गेलो. तिसऱ्यांदाबी गेलो. आग लागो माझ्या अकलेला!

आता एक गोष्ट आधीच सांगते, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या. आमी लिंगायत. मूल जन्मलं की स्वामी येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. जांभळाएवढं, काळं, गुळगुळीत. ते कापडात गुंडाळून छातीवर ठेवायचं आन मरेपर्यंत अंगावेगळं करायचं न्हाय. गिरिजाला मोठी खोड, घडी घडी ती गाठ सोडून आत बघायची. मी येणी घालताना दटावायची, "सोडू नको गं भवाने! हे हरवलं तर माणसाला जगता येत न्हाय. तुलाबी मरावं लागंल." एकदा न्हाय, रोज म्हणायची. पोरांना धाकात ठेवावं, एवढंच मला ठावं होतं. आंघोळ झाली की त्या गाठीला वरनंच भस्म लावायची आन पोरीच्या डोळ्यांला टेकवायची. ते म्या कधी चुकवलं न्हाय.

आमच्या परड्यामागं कुंभारवाडा. तिथं द्वारकाबाई कुंभारीण एकटी राहायची. फटकळ बाई. गिरिजा एक दिवस मधल्या काट्यांच्या कुपाटीतनं तिच्याकडं गेली आन मग रोजच जाऊ लागली. द्वारकाबाईनं तिला मातीचा गोळा दिला, बसायला पोतं दिलं. म्या कुपाटीवरनं इचारलं, "काय बोलती का गं तुझ्यासंगं?"

"म्या इचारतच न्हाय," ती म्हणाली. "तिला बोलायचं न्हाय आन मला लई काम हाय. तुमी लोकांनी तिला इचारून इचारून भाजून काढलंय. बसू द्या की गप."

दोन महिन्यांत पोर बदलली. झोपंत दचकायची ती थांबली. गालावर मांस आलं. चाक फिरलं की तिच्या घशातनं हूं हूं असा आवाज यायचा. मला आनंद व्हायला पाहिजे होता न्हाय का? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिला म्या ल्हानाची मोठी केली, ती माझ्यापुढं मुकी आन कुंभारणीपुढं गाणं म्हणती! त्यात कुणीतरी सांगितलं, ती तिथं भाकरबी खाती. आमच्या घरात दुसऱ्याच्या हातचं पाणी चालत न्हवतं तवा. मी पदर खोचला आन भर दुपारी कुपाटी तुडवत गेले.

द्वारकाबाई भट्टीकडं होती. गिरिजा छपरात पाठमोरी बसलेली. पुढं फळीवर मातीचे ल्हान ल्हान गोळे वाळत घातलेले. चाळीस-पन्नास तरी असतील, राखुंडी आन काजळी फासून काळे केलेले. म्या वाकून बघितलं. गोळे न्हवते ते, लिंगं होती. हुबेहूब. कुंभारणीनं आमच्या देवाचं खेळणं केलं, पोर बाटवली, हेच माझ्या डोक्यात गेलं. म्या फळी उचलली आन सगळी पाण्याच्या डोणीत पालथी केली.

"आत्या, नको! एक तरी राहू दे!"

दीड वर्षानं ऐकलेला आवाज. पोर डोणीत उतरली. दोन्ही हातांनी चाचपायला लागली, तर बोटांतनं नुसता चिखल. "आता मी मरणार," ती म्हणाली. "आता मला मरावंच लागंल." तिनं गळ्यातली गाठ वढून तोडली. चिंधीतनं एक चिंचोका खाली पडला.

दीड वर्ष म्या चिंचोक्याला भस्म लावत होते.

द्वारकाबाईनं तिला उचलून मांडीवर घेतलं. हुंदक्या-हुंदक्यांनी पोर सांगत गेली. नदीत भ्या वाटलं, म्हणून तिनं मोकळ्या हातानं लिंग काढून मुठीत धरलं. पाय घसरला, मूठ उघडली. गाठ रिकामी लागू नये म्हणून तिनं चिंध्यांत गुंडाळून चिंचोका बांधला. तोंड उघडलं तर हरवल्याचंच बाहेर पडंल, म्हणून ती तोंडच उघडत न्हवती. मातीचं जमलं की नवं बांधून टाकणार होती. एकबी मनासारखं व्हईना, म्हणून रोज नवी करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमलिंगनं शांतलिंग स्वामींना बोलावलं. म्हातारे गृहस्थ. सगळं ऐकून ते हसले. "एवढंच व्हय? अगं, लेकराच्या हातनं पडतंच. दुसरं बांधू." अर्ध्या घटकेचं काम. बांधून झाल्यावर त्यांनी गिरिजाची हनुवटी धरली आन इचारलं, "मरावं लागतं म्हणून कुणी सांगितलं गं बाळा तुला?"

गिरिजानं माझ्याकडं बघितलं. सोमलिंगबी बघत होता. पोरीनं मान खाली घातली. माझं नाव तिनं घेतलं न्हाय, आन म्याबी तोंड उघडलं न्हाय.

सोमलिंग म्हणाला, हे घराबाहेर जाता कामा न्हाय. पोर दीड वर्ष लिंगाबिगर आमच्या पंगतीला जेवली हे समाजाला कळलं, तर तिला स्थळ कोण आणंल? द्वारकाबाईलाबी म्या शपथ घातली. गावाला सांगितलं, डागांनी गुण आला. त्या बाबाला सोमलिंगनं चारचौघांत पटका बांधला. गिरिजा बोलू लागली, शेजाऱ्यांशी, गाईशी, द्वारकाबाईशी तर पोटभर. माझ्याशी कामापुरतं.

वर्षानं आमच्या गल्लीतली गौराबाई आली. तिची पाच वर्षांची पोर बैल अंगावर आला तवापास्नं गप्प झालेली. गिरिजा तिथंच सुपात तूर निवडत होती. गौराबाईनं माझा हात धरला. "इरम्माक्का, खरं सांगा. तुमची पोर डागांनीच बरी झाली न्हवं? माझा जीव व्हईना वो न्यायला."

सांगायला काय लागत होतं? पोरीला कुंभारवाड्यात न्हेऊन बसीव, आन काय इचारू नको, एवढंच. पण आत सोमलिंग बसला होता. समाज होता, पोरीचं लगीन होतं. हे सगळं मी मनाशी म्हणत होते. खरी गोष्ट अशी की मला माझं ते येणी घालतानाचं बोलणं कुणाला सांगायचं न्हवतं.

"व्हय बाई," म्या म्हणाले. "डागांनीच."

गौराबाई डोळे पुसत गेली. गिरिजानं सूप खाली ठेवलं. आपल्या पोटावर हात ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली, इळ्याखाली बघत होती तशीच. मग तिनं इचारलं, "आत्या, तुझं काय हरवलंय गं?"

म्या तिनं ठेवलेलं सूप पुढ्यात वढलं. ती उठली आन कुपाटीतनं द्वारकाबाईकडं निघून गेली.