चौथा ठिपका

माणसाचं तोंड खोटं बोलतं, डोळे खोटं बोलतात, आणि सरकारी कागद तर त्यासाठीच छापले जातात. पण माणसाचा हात मात्र या विश्वाच्या अंतापर्यंत खोटं बोलणार नाही, असं श्रीपत मास्तर जाहीर करत होते तेव्हा त्यांच्या उजव्या हातात, पाठीमागे, गीताबाईंपासून लपवलेला बेसनाचा लाडू होता.

"हात दाखवा," गीताबाई म्हणाल्या.

मास्तरांनी डावा दाखवला.

"दुसरा."

विश्वाचा अंत त्या दिवशी दुपारी चारला झाला. लाडू डब्यात परत गेला, कारण मास्तरांना साखरेचा आजार होता आणि गीताबाईंना डोळे होते.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हे, तारमास्तर. आधी फौजेच्या सिग्नलमध्ये, मग महाडच्या तारघरात, असं आयुष्यभर त्यांनी मोर्सची कळ ठोकली होती. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात. मास्तरांनी मागच्या पडवीत हौशी रेडिओचं स्टेशन थाटलं होतं. सेट घरी बांधलेला. वायर माडावरून चिंचेवर गेलेली. शेजारी सुरुवातीला त्यांना हेर समजत, नंतर त्या वायरवर चादरी वाळत घालायला मागू लागले.

या वायरचा उपयोग एकच. रोज संध्याकाळी साडेपाचला मास्तर कुडपणच्या हैबतीशी बोलत.

हैबती आणि मास्तर जबलपूरला शेजारशेजारच्या खाटांवर मोर्स शिकले. पेन्शन घेऊन हैबती वर डोंगरात आपल्या नाचणीकडे गेला. गावात वीज नव्हती. मोटारीची बॅटरी पोलादपूरला चार्ज करून खांद्यावरून वर न्यायची, हा त्याचा महिन्यातला एकमेव प्रवास. मास्तर सुरुवातीला 'रामराम' ठोकत, हैबती वरून 'जयभीम' ठोकी. एकमेकांचा नमस्कार एकमेकांनी करायचा, ही दहा वर्षांची वहिवाट. मग म्हैस, गुडघे, पाऊस. देशाच्या सुरक्षेला धोका होईल असं त्यांच्यात काही घडत नसे.

मराठीही इंग्रजी अक्षरांतच ठोकायची, आणि मोर्समध्ये सगळं ठिपका आणि रेघ. एक आखूड, एक लांब. पण ठोकणाऱ्याचा हात अक्षरासारखा ओळखू येतो. हैबतीचा हात आंधळ्यालाही कळला असता. इंग्रजी एच म्हणजे चार ठिपके. हैबती तीन ठोकायचा आणि चौथा गिळायचा. जबलपूरच्या उस्तादाने त्या एका ठिपक्यापायी त्याला मैदानभर पळवला. ठिपका आला नाही, पाय मात्र बळकट झाले.

आता चंदू. मास्तरांचा मुलगा, पंचवीस वर्षांचा, मुंबईची कंपनी बंद पडल्यावर महाडात टीव्ही दुरुस्तीचं दुकान काढून बसलेला. हौशी रेडिओचं लायसन त्याच्याकडेही होतं. मोर्सची परीक्षा तो बैलगाडीच्या वेगाने पास झाला आणि त्याच वेगाने विसरला होता. त्याचा भरवसा मायक्रोफोनवर आणि त्याच्या भाषेत 'आयसी'वर, म्हणजे नखाएवढ्या चिपवर.

"बाबा, जमाना कुठं चाललाय आणि तुम्ही कट्ट-कड्ड करताय. कळ ठोकायला आता माणूस लागतच नाही."

"मग बोलायला काय लागतं?"

"बटण."

पंच्याऐंशीच्या दिवाळीत त्याने ते बटण बनवलं. पत्र्याची पेटी, आत चार आयसी, वर लाल बटण. ठिपके आणि रेघा पेटीच नेमक्या मापाने पाडणार. शिवाय एक निरोप लक्षात ठेवणार, बटण दाबलं की आपसूक पाठवणार. हैबतीकाकांचा हात हल्ली थरथरतो असं मास्तरच म्हणाले होते, म्हणून भाऊबीज झाल्यावर चंदू स्वतः कुडपणला जाऊन ती पेटी बसवून आला. हैबतीने हौसेने एक निरोप भरून ठेवला. दमल्या दिवशी पाठवायला.

पंधरवडा बरा गेला. हैबती पेटीला शिव्या देत जुन्याच कळीवर ठोकत होता.

मग एका सोमवारी साडेपाचला वरून आलं: 'जयभीम. सगळं ठीक. हवा छान. उद्या भेटू.'

मास्तरांनी कानावरचा हेडफोन दाबून धरला. 'हवा'मधला एच. एक, दोन, तीन. चार.

चौथा ठिपका आला होता.

"अरे वा," चंदू मागून हेडफोनला कान लावत म्हणाला. "पेटी वापरायला लागले काका! ऐका, कसं पर्फेक्ट येतंय."

"हो," मास्तर म्हणाले. "फार नीट येतंय."

मंगळवारी तेच आलं. त्याच मापाचं, त्याच शब्दांत. मास्तरांनी विचारलं, म्हैस व्याली का? 'सगळं ठीक. हवा छान.' गुडघा कसा आहे? 'उद्या भेटू.' पुढचा सगळा आठवडा असाच गेला. म्हशीला विचारा, नाचणीला विचारा, वरती हवा छान होती.

मास्तरांचं जेवण कमी झालं. गीताबाईंना वाटलं, पथ्य पाळताहेत.

दुसऱ्या बुधवारी दुपारी डोंगराकडची बाजू काळी झाली. पोलादपूरहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने सांगितलं, वर गारा पडल्या, झाडं आडवी झाली. साडेपाचला मास्तर कळीवर बसले. वरून आलं: 'सगळं ठीक. हवा छान.'

"बाबा, स्टँडर्ड मेसेज आहे तो," चंदू म्हणाला, पण बसून म्हणाला.

"सूर ऐकलास?"

चंदूने हेडफोन लावला. सूर खाली आला होता. रोज केसभर खाली येत होता. शब्द अजून रेघेरेघेला अचूक, पण वरची बॅटरी मरत होती. महिना उलटून गेला आणि ती चार्ज करायला कोणी पोलादपूरला उतरलं नव्हतं.

गुरुवारी मास्तरांनी ठोकलं: 'तू गाढव आहेस.' जबलपूरपासून आजवर या वाक्याला उत्तर मिळालं नाही असं कधी झालं नव्हतं.

'जयभीम. सगळं ठीक.'

शुक्रवारी मास्तर बराच वेळ कळीवर बोट ठेवून बसून राहिले. मग त्यांनी सावकाश ठोकलं. चंदू एकेक अक्षर ओठांनी जुळवत होता. जुळल्यावर तो ताडकन उठला.

"बाबा! काय ठोकलंत हे? 'गीता गेली'? आई आत भाकऱ्या थापतेय!"

"गप."

आतून भाकरीचा आवाज येत होता. थप, थप. हेडफोनमध्ये खरखर. आणि मग वरून, खोल गेलेल्या सुरात, एकही ठिपका न चुकता:

'जयभीम. सगळं ठीक. हवा छान. उद्या भेटू.'

एवढ्यावर ते थांबलं नाही. तेच पुन्हा आलं. एकदम दोनदा.

"कोण गेलं हो?" गीताबाईंनी आतून विचारलं.

"अजून कळलं नाही," मास्तर म्हणाले.

चंदूने मान खाली घातली. पेटी त्याने बनवली होती. तिच्यापलीकडे माणूस आहे की नाही, हे सांगायची सोय तिच्यात नव्हती.

शनिवारी दोघे एसटीने डोंगराच्या पायथ्याशी, कापड्याला उतरले आणि पुढे चालू लागले. वाट चढणीची. मास्तरांचे गुडघे दर वळणावर आपलं मत मांडत होते. गारांनी झोडपलेली नाचणी चिखलात लोळत होती. गुरं दिसत नव्हती. अर्ध्या चढावर वरून एक माणूस उतरताना दिसला. खांद्यावर दोन हिरवे बांबू, हातात सुंभाचं भेंडोळं.

मास्तर दगडावर बसले.

"कुडपणचा का रे?" चंदूने विचारलं.

"व्हय. भिकू."

"बांबू... कोणासाठी?"

"कोंबड्यांसाटी," भिकू म्हणाला. "गारांनी खुराडा मोडला. भयनीकडं खाली हाय." त्याने मास्तरांकडे निरखून पाहिलं. "बाबा पांढरे पडलेत तुमचे. पानी पाजा त्यांना."

"हैबती कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

भिकूने बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतले. "जा तुमी वर," एवढंच बोलून तो उतरू लागला.

ते पोचले तेव्हा साडेपाचला पाच मिनिटं होती. अंगणात कोणी नव्हतं. दार उघडं. मास्तर हाक मारणार होते, पण मारली नाही. उंबऱ्यातूनच दिसलं.

हैबतीचा सेट कोपऱ्यात होता. जुनी कळ बाजूला सारलेली, तिच्यावर धूळ. पुढे चंदूची पेटी. लाल बटणाशेजारी कुंकवाचं बोट उमटवलेलं, बटण चुकू नये म्हणून. हैबतीची बायको राहीबाई आतून ओले हात पुसत आली, सेट चालू करून त्याच्यापुढे बसली. खरखर सुरू झाली. ती थांबली, वाट पाहिली. खालून आज कोणी ठोकत नव्हतं. शेवटी तिने हात जोडले आणि बटण दाबलं.

सगळं ठीक. हवा छान. महाडच्या दिशेने निरोप निघून गेला, आणि तो ज्याच्यासाठी होता तो तिच्या पाठीशी उंबऱ्यात उभा होता.

"वहिनी," मास्तर म्हणाले.

राहीबाई केवढ्यानं तरी दचकली. "मास्तर! तुमी? कशाला वो चढलात? गुडघं काय लोखंडाचं हायत तुमचं?" आणि बोलता बोलता तिने पदर तोंडाला लावला.

हैबती भिंतीकडच्या खाटेवर होता. जिवंत होता, असं म्हणायला हरकत नव्हती. उजवा हात गोधडीवर कोणी दुसऱ्याने विसरून गेल्यासारखा पडलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. उघड्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मागल्या हप्त्यात सोमवारी ही बाजू गेली," राहीबाई सांगू लागली. "बोलनं गेलं. लेकाला मंबईला पत्र घातलंय. वरच्या वाडीच्या वैदानं तेल चोळलं. काल दुपारी कापड्यावरनं डाक्तर आनला, तो कागद लिवून गेला. तपकीर बंद, मीठ बंद, उठनं बंद. तवापास्नं डोळ्याचं पानी खळत नाय. पेज तोंडाशी नेली का मान फिरवतात."

"आणि हे?" चंदूने पेटीकडे बोट केलं.

"मला काय येतंय रे त्यातलं? साडेपाचला तुजा बा खालून टिकटिक करायचा आन ह्यांची तगमग व्हायची. डोळं नुसतं त्या डब्याकडं. म्हनून म्या दाबाय लागले. दाबलं का निजायचे. काल काय निजंनात, तवा दोनदा दाबलं." ती मास्तरांकडे वळली. "आन नाय दाबलं तर तुमी चढून आला असता."

चंदूने पेटीची वायर काढायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

मास्तरांच्या ध्यानात मात्र दुसरंच येत होतं. सेट चालू, टिकटिक घरभर ऐकू येणारी. म्हणजे बारा दिवस हैबती सगळं ऐकत होता. म्हैस ऐकली, गाढव ऐकलं. आणि काल... कालपासून डोळ्यांचं पाणी.

ते खाटेवर बसले. दहा वर्षं कळीवरून बोललेला माणूस समोर आल्यावर तोंडाने काय बोलायचं, त्यांना सुचेना.

"हैबती," ते म्हणाले, "गीता हाय रे. धडधाकट हाय. मी खोटं ठोकलं. तू हायस का बघायला खोटं ठोकलं."

"गीतावैनीला काय झालं?" राहीबाई घाबरली.

"काय नाही. काल मी तिला मारली होती."

हैबतीचा डावा हात गोधडीखालून हळूहळू बाहेर आला. मास्तरांचा पंजा त्याने ओढून घेतला आणि तर्जनी तळव्यावर टेकवली. एक टिचकी. एक दाब.

"चंदू," मास्तर म्हणाले, "लिही. मला आत्ता जमायचं नाही."

"बाबा, मला एवढं..."

"सावकाश ठोकतोय. तुझ्याच वेगाने. लिही."

चंदूने खाटेखालचा डॉक्टरांचा कागद ओढला आणि पाठीवर लिहू लागला. बोट थरथरत होतं, ठिपके वाकडे पडत होते, रेघा मध्येच दमत होत्या. पेटीने असं एक अक्षर पाडलं असतं तर त्याने ती मोडीत काढली असती. दोन वेळा तो चुकला, दोन वेळा खोडलं. राहीबाई शेताच्या वाटणीचं असेल, लेकाचं असेल, शेवटचं काही असेल म्हणून भिंत धरून उभी. दाराबाहेर अंधारून येत होतं. बऱ्याच वेळाने बोट थांबलं.

"वाच," मास्तर म्हणाले.

"'ठाऊक होतं. खोटं ठोकताना तुझा हात अडखळतो,'" चंदूने वाचलं, आणि मग जरा थांबून, "'गाढव तू.'"

मास्तरांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "मग मेल्या, रडतोस कशाला कालपासनं?"

बोट पुन्हा हललं. या वेळी थोडंच. दोन रेघा. दोन ठिपके. एक रेघ. आणि तीन ठिपके.

"एम, आय, टी... एस," चंदू म्हणाला. "बाबा, अर्थ लागत नाही."

"एस नाही. एच लिही. चौथा गिळलाय त्याने." मास्तरांनी तो हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि राहीबाईकडे मान वळवली.

"वहिनी, डॉक्टरला कळू देऊ नका. पेजेत चिमूटभर मीठ टाका."