हात सावरणारी लेन्स

कॅमेऱ्याच्या दुकानात शिंपीमास्तर बायकोच्या मागे उभे होते आणि मनातल्या मनात देवाला दम देत होते. आज दगा दिलास तर याद राख!

बायको फोटोग्राफर. गल्लीतल्या निम्म्या पोरांचं पहिलं बोळकं हसू तिनेच टिपलेलं. पण वर्षभरापासून तिचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार, गोळ्यांनी फार तर थोडं लांबेल. डॉक्टरांच्या काय बापाचं जातंय बोलायला! मध्यंतरी लेन्स बदलताना तिच्या हातून एक निसटून फुटली. तेव्हा मास्तरांनीच तोडगा काढला, की रोजच्या वापराला एकच झूम लेन्स घ्यायची. जवळचं, लांबचं सगळं तिच्यात, काढायची-घालायची भानगडच नको. त्यावर तिने कितीतरी दिवस हूं की चूं केलं नाही, आणि आज सकाळी आपणहून चपला घातल्या.

दुकानदाराने तीन लेन्स मांडल्या. पहिली चोवीस-सत्तर मिलिमीटरची, अंधारातसुद्धा चालणारी.

"ही लेन्स आहे की खलबत्ता?" ती म्हणाली. नुसती उचलून धरल्यानेच तिचं मनगट भरून आलं होतं.

दुसरी अठ्ठावीस-तीनशे. हलकी नव्हतीच, वर लांबचं सगळं धुरकट.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," मास्तर म्हणाले. चिंध्यांतलं त्यांना बरं कळायचं. ती हसली. ती हसली की मास्तरांना हत्तीचं बळ यायचं.

तिसरी चोवीस-एकशेपाच, ती त्याने तिच्याच कॅमेऱ्यावर चढवून दिली. "हिच्यात स्टॅबिलायझर आहे," दुकानदार म्हणाला. "हात हलला तरी आतली काच सावरून घेते. बाहेरचं काहीतरी टिपून बघा."

समोरच्या पायऱ्यांवर एक म्हातारा छत्र्या दुरुस्त करत बसला होता. तिने दारात उभं राहून त्याचे पाच-सहा फोटो काढले. पडद्यावर मोठे करून पाहिले तर म्हातारा ओल्या कागदावरच्या शाईसारखा पसरलेला. दुकानदार उगाच काउंटर पुसू लागला.

"गोळीची वेळ झालीय," असं म्हणून ती कॅमेरा ठेवून पाणी प्यायला आत गेली.

मास्तरांना काय बुद्धी सुचली कोण जाणे. त्यांनी कॅमेरा उचलला, म्हाताऱ्यावर रोखला आणि बटण दाबलं. मग तिनेच काढलेले फोटो चाळत असल्यासारखं करत ओरडले, "अगं ए, इकडे ये! हा बघ, शेवटचा! एकदम लख्ख आलाय. उगीच घाबरलीस!"

ती आली. कॅमेरा परत गळ्यात अडकवून तिने फोटो मोठा केला. म्हाताऱ्याच्या भुवईचा केसन् केस दिसत होता. क्षणभर तिचा चेहरा असा उजळला की मास्तरांना स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं.

मग पूर्ण फोटो पाहून ती म्हणाली, "याचे हात कुठायत?"

"कुणाचे?"

"म्हाताऱ्याचे. माणूस काम करतोय आणि मी त्याचे हात तोडीन?"

"गडबडीत राहिले असतील."

"मास्तर."

चिडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलत होती, जणू त्यांनाच काही झालंय. "डॉक्टर बोलले तेव्हा मी रडले नाही. माझा काही विश्वास नव्हता या झूमवर. म्हटलं, मास्तरांना वाटतंय ना जमेल, मग जमेल. तेवढ्यावर आले मी इथे. आणि तुम्ही माझ्या पाठीमागे फोटो काढून मोकळे झालात. म्हणजे तुम्हालाही वाटत नव्हतं."

डॉक्टरांचा जिना उतरतानाच मास्तरांनी आशा सोडली होती, आणि त्यानंतरचे सगळे दिवस नुसतं अवसान आणलं होतं. ते तिच्या एवढ्या कामी येत होतं हे त्यांना आत्ता कळत होतं, आणि आता कळून उपयोग नव्हता. त्यांना हंबरडा फोडावासा वाटला.

"तुम्ही जुने कॅमेरे घेता का हो?" तिने दुकानदाराला विचारलं.

"घेतो की." तो मान वर न करता म्हणाला.

"मग हा ठेवून घ्या."

तिने गळ्यातला पट्टा काढायला घेतला, तो केसांत अडकला. मास्तर पुढे झाले आणि त्यांनी तो सोडवून दिला.