सायदूकाकांच्या बोटीवरचं केळं

माझ्या तोंडाजवळच्या शिवणीत मिठाचा एक कण बसला आहे. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, पण त्याच्या सगळ्या कडा सरळ. मित्रांनो, मी एक जुनी नारिंगी नळी आहे. माणसाएवढी उंच, आत फक्त हवा. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटाच्या पश्चिमेला, बेटांमधल्या अरुंद समुद्रात, सायदूकाकांच्या बोटीवर मी राहते. तिथे मला सगळे 'केळं' म्हणतात.

माझे काम सोपे आहे. वर येण्याआधी पाणबुडे माझ्यात हवा फुंकतात आणि दोर सोडत जातात. दहा मीटरवर भरलेली हवा वर पोहोचेपर्यंत दुप्पट होते. खाली मी सुरकुतलेली असते, वर ताठ उभी राहते. त्या काही सेकंदांत माशांचे थवे दुभंगतात, उजेड अंगावरून ओघळतो, आणि झोपेतून कोणीतरी हळूच हाक मारावी तसे वाटते. मी दिसले, की बोट येते.

पण बरीच वर्षे मी टोपलीच्या तळाशी, ओल्या बुटांखाली पडून होते. सायदूकाका पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावरच जगणाऱ्या बाजो जमातीचे. पाण्यावर फुटणारे बुडबुडे पाहून खाली किती जण आहेत, कोण दमले आहे, हे ते सांगत. "केळं कशाला? काका आहेत ना!" म्हणून पाणबुडे उडी मारत.

दोन वर्षांपूर्वी काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. हे ठाऊक होते फक्त त्यांच्या पत्नीला, म्हणजे बोटीवर स्वयंपाक करणाऱ्या नुर्लिंदाकाकूंना, आणि टोपलीतून ऐकणाऱ्या मला. बोटीच्या पुढच्या टोकाला बसून मासे साफ करता करता काकू हळूच सांगत, "डावीकडे चौघं." शस्त्रक्रियेचा विषय निघाला, की काकांचे उत्तर ठरलेले, "हंगाम संपू दे." हंगाम संपे. पुढचा सुरू होई.

अमावास्येनंतरच्या दुसऱ्या दिवशी पाणी खळाळत होते. त्यात बुडबुडे कसले दिसणार, म्हणून वाटाड्या युस्तिनाने मला कमरेला अडकवले.

"माझ्यावर विश्वास नाही वाटतं, पोरी?" काका हसले.

"तुमच्यावर आहे, काका. पाण्यावर नाही."

सुराबाया शहरातून आलेले एक पाहुणे जोडपे घेऊन ती खाली उतरली. प्रवाह वेळेआधीच फिरला. पोवळ्यांची भिंत बघता बघता मागे गेली आणि खाली नुसता निळा रंग उरला. पाहुण्या बाई उलट दिशेने पाय मारू लागल्या. पाणी सेकंदाला दीड मीटर धावत होते, माणूस त्याच्या निम्म्या वेगानेही पोहत राहू शकत नाही. युस्तिनाने त्यांचा दंड धरला आणि मान हलवली. तिघांनी हात एकमेकांत गुंफले. आम्ही तरंगत होतो, पानासारखे, कुठेही न अडता. सावकाश वर येत तिने मला सोडले. मग अंगात विरलेला वायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटे ते शांत थांबले.

मी वर आले तेव्हा बोट अर्धा किलोमीटर दूर होती. दक्षिणेला शेवटचे बेट संपत होते, त्यापुढे थेट महासागर. तिघे वर आले. युस्तिनाने शिट्टी फुंकली.

बोट थोडी जवळ आली. ऐकण्यासाठी काकांनी इंजिन बंद केले. त्यांचा चेहरा सरळ माझ्याकडे होता. मग तो पुढे वळला.

इंजिन थांबल्याने पाण्यावरून काकूंचा आवाज आला, "अहो, केळं! उजवीकडे!"

"दिसलं मला."

"दिसलं, तर सुकाणू डावीकडे का वळवताय?"

इंजिन सुरू झाले. बोट उजवीकडे वळली.

मित्रांनो, मी काही मोठी वस्तू नाही. पण पाण्यात उतरताना मला बरोबर घ्या, सोबत्याचा हात सोडू नका, प्रवाहाशी भांडू नका. आणि वर तुमची वाट पाहणाराही माणूसच आहे, त्यालाही सांभाळा.

बोटीवर काकूंनी सगळ्यांना आल्याचा गरम चहा दिला.  पाहुण्या बाईंनी सायदूकाकांचा हात आदराने आपल्या कपाळाला लावला. "काका, तुमची नजर होती म्हणून वाचलो आम्ही."

काकू कप विसळू लागल्या.  काकांनी हात सोडवून घेतला आणि सुकाणूवर ठेवला.

"नजर हिची होती," काकूंकडे मान वळवून ते म्हणाले. "मला दोन वर्षं धड दिसत नाही. युस्तिना, उद्या बोट निघणार नाही. मी डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतोय."