मेणाचा जबडा

मावशी कवळ्या बनवायची. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर, गुलाबी मेणात एकेक दात बसवत तिची बावीस वर्षं गेली होती. गावातले निम्मे म्हातारे मी बनवलेल्या दातांनी हसतात, असं ती ऐटीत सांगायची.

त्या वर्षी तिची भाची कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आली. पोरगी गुणी होती, पण खोलीत एकटीच बसून खिदळायची. मावशीने डोकावून पाहिलं, तर हातात जपानी चित्रकथा.

"काय गं एवढं हसण्यासारखं?"

"मांगा आहे. तुला नाही समजणार, मावशी."

हे मावशीला झोंबलं. भाची कॉलेजला गेल्यावर तिने कपाटातलं एक पुस्तक काढून उघडलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत छापलेलं: 'थांबा! तुम्ही पुस्तक शेवटाकडून उघडलंय. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात.' घरात कोणी नसतानाही मावशी ओशाळली. दुसऱ्या बाजूने उघडून पुन्हा सुरुवात केली, तर तो चौदावा खंड निघाला. टोकदार केसांची दहा-बारा पोरं एकमेकांवर ओरडत होती आणि कोण कोणाच्या बाजूने, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पण हार मानेल तर ती मावशी कसली! वाचनालयात दर शनिवारी मांगा वाचणाऱ्यांचा गट जमतो, असं तिला कळलं. ती जाऊन धडकली.

गटात आठ-नऊ जण होते आणि त्यांचा म्होरक्या होता विश्वकोश. हे त्याचं टोपणनाव. माणूस चाळिशीचा, विमा कंपनीत कारकून, आणि मांगाबद्दल त्याला ठाऊक नाही अशी गोष्टच नव्हती, निदान त्याच्या मते.

"मी नवीन आहे," मावशी म्हणाली. "काहीतरी चांगलं सुचवा."

विश्वकोशाने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तीन जाडजूड खंड पुढे सरकवले. "एकूण एकसष्ट आहेत. विसाव्या खंडाच्या आधी मत बनवायचं नाही."

मावशीने तिन्ही वाचले. त्यात एक तलवारबाज दुसऱ्या तलवारबाजाला शोधत होता. तिसऱ्या खंडाच्या अखेरीस तो एका नदीपाशी पोचला आणि नदीकडे बघत उभा राहिला. पुढच्या शनिवारी मावशीने पुस्तकं परत केली.

"साध्या माणसांचं काही नाही का? कामधंदा करणारी, घरात भांडणारी?"

"तुमची अजून तयारी नाही," विश्वकोश म्हणाला. दोघं-तिघं हसले. मावशीही हसली. तिला ओळखणारा कोणी तिथे असता, तर ते हसणं बघून सावध झाला असता.

"बरोबर आहे तुमचं," ती नम्रपणे म्हणाली. "मी आपली एकच वाचलीय. 'मेणाचा जबडा'. तुम्ही वाचली असेलच."

विश्वकोशाच्या पापण्या क्षणभर फडफडल्या. "अर्थात! सुरुवातीचे खंड उत्तम. पुढे घसरली."

"ती कवळीवाली म्हातारी काय भन्नाट आहे, नाही? न्यायाधीशाची कवळी बदलते आणि मग त्याच्या तोंडून खरंच बाहेर पडायला लागतं!"

"तिचं मरण मात्र मला पटलं नाही," विश्वकोश गंभीरपणे म्हणाला.

"मेली?" मावशीने छातीवर हात ठेवला. "अगबाई! मी अजून तिथवर आलेच नव्हते!"

"मी पुढचं बोलत नाही," तो घाईघाईने म्हणाला. पण बाकीच्यांनी कान टवकारले होते. कुठे मिळेल? किती खंड आहेत? विश्वकोशाने ठोकून दिलं, "नऊ. दुर्मिळ आहे."

मावशी घरी येईपर्यंत रस्ताभर एकटीच हसत होती.

आठवड्याभरात मात्र गंमत अंगाशी आली. जेवताना भाची म्हणाली, "मावशी, 'मेणाचा जबडा' नावाची मांगा ऐकलीयस? कॉलेजात सगळे शोधतायत. एका मुलाने तर वाचलीय. म्हणे सहावा खंड वाचून तो रडला."

मावशीला ठसका लागला. मग तिने सगळं सांगून टाकलं. भाची हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली.

"पण वाचनालयातल्या बाईंनी तीन प्रकाशकांना पत्रं पाठवलीत गं!" ती डोळे पुसत म्हणाली. "फलकावर लावलंय. बावीस जणांनी मागणी नोंदवलीय."

आता मावशीने हातातला घास ताटात ठेवला. ग्रंथपालबाई तिच्याच गिऱ्हाईक होत्या, वरच्या कवळीच्या. सज्जन बाईला फुकट कामाला लावलं.

शनिवारी ती भाचीला घेऊन गेली. गट भरलेला, ग्रंथपालबाईही हजर. मावशी उभी राहिली. "मला एक कबूल करायचंय. 'मेणाचा जबडा' अशी मांगा नाहीच. मी ती इथेच, या खुर्चीत बसून रचली."

हळूहळू सगळ्या माना विश्वकोशाकडे वळल्या. त्याचे कान लालबुंद झाले. त्याने पाण्याची बाटली उचलली आणि झाकण न काढताच तोंडाला लावली.

ते बघून मावशीचं मन पाघळलं. याची खोड मोडायचीच होती, पण भर सभेत त्याला उघडं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

"हे माझ्या कटात सामील होते," ती म्हणाली. "कोण कोण न वाचता 'वाचलंय' म्हणतं ते बघायचं होतं आम्हाला."

आता उरलेल्यांतले तिघं टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले. ग्रंथपालबाई मात्र रागावल्या. "पत्रांची उत्तरं आली तर तुम्हीच लिहा माफीची पत्रं," असं बजावून गेल्या. मावशीने मुकाट्याने मान डोलावली.

गट पांगल्यावर विश्वकोश जिन्यात थांबला होता. "का वाचवलंत मला?"

"त्याची किंमत वसूल करणारच आहे. खरं सांगा, एकसष्ट खंड वाचलेत?"

"अकरा," तो पुटपुटला. "नदीपाशी फार कंटाळा येतो."

"मग तुम्हाला आवडतं काय? घरी कोणी बघत नसताना काय वाचता?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवीतून एक बारीकसं पुस्तक काढलं. वर तलवारबाजाचं वेष्टन. आत भलतंच. छत्र्या दुरुस्त करणारी एक विधवा बाई आणि तिच्या दुकानात रोज येऊन बसणारा तिचा भांडकुदळ दीर. बस, एवढंच.

"सातव्यांदा वाचतोय," तो म्हणाला. "कोणाला सांगू नका."

सोमवारी कवळीच्या साच्याचं प्लास्टर सुकेपर्यंत म्हणून मावशीने त्याच्याकडून मागून आणलेलं ते पुस्तक उघडलं. छत्रीवाली काडी वाकवते, मोजते, पुन्हा वाकवते. चार पानं नुसते हात. बोलणं नाही. मावशीने स्वतःचे मेणाने माखलेले हात पुसले आणि तीच पानं पुन्हा पाहिली. नंतर दिराने दुकानातली सगळ्यात सुंदर छत्री भर दुपारी उघडून आरशासमोर मिरवायला सुरुवात केली, तेव्हा ती इतक्या जोरात हसली, की डॉक्टर धावत आत आले.

"अहो, पेशंट तोंड उघडं ठेवून बसलाय! कवळी कुठेय?"

"दोन पानं राहिलीत," मावशी म्हणाली. डॉक्टरांचा चेहरा बघून मात्र तिने पुस्तक मिटलं.

संध्याकाळी भाचीने ते हिसकावून घेतलं. मावशी तिच्या खुर्चीमागे उभी.

"आरशापर्यंत आलीस का?"

"नाही. सांगू नकोस."

"आता बघ हं, तो छत्री उघडतो आणि..."

"मावशी!"

"बरं बाई, राहिलं," म्हणत मावशी बाजूच्या खुर्चीवर बसली आणि भाचीने पान उलटायची वाट बघू लागली.